पोंग्यातली अळी मारू, वहीतली अळी घरात घेणार नाही

(हा मजकूर वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवावा. बाया कामावरून आल्या की मग वाचा, त्यांच्यामागे वाचू नका.)

साथींनो, आयाबायांनो,

मका गुडघ्याला लागला की पोंग्यात वाकून बघा. पानाला भोकं पडलेली दिसतील, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी घाण साचलेली दिसेल. हे दिसलं की आपला माणूस काय करतो? खाल्लेलं एक पान पिशवीत टाकतो, तळेगावच्या नाहीतर कामशेतच्या बाजाराला जातो, दुकानाच्या फळीवर पान ठेवतो आणि म्हणतो, "शेठ, औषध द्या."

आमचं भांडण ह्या शब्दापासूनच आहे. औषध आजाऱ्याला देतात. दुकानातून येतं ते विष. लाल त्रिकोणाच्या डब्यावर कवटीचं चित्र आणि 'विष' हा शब्द छापणं कायद्यानेच भाग आहे. कायदा ज्याला विष म्हणतो, त्याला आपण औषध म्हणतो आणि वर उधारीत घेतो.

मागच्या श्रावणात आम्ही नवलाख उंबऱ्याच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर गेलो होतो. नवलाख उंबऱ्यात तुम्हाला माहीतच आहे, खाली एमआयडीसीचे पत्रे चमकतात आणि वर डोंगराच्या कुशीत आपली घरं. एका दादाचा आठ गुंठे मका होता. त्याला बाजारात तीन बाटल्या मिळाल्या. तिन्ही एकत्र करून मारा, असं सांगितलं. पावती नाही. पैसे वहीत लिहिले. दादाने दुपारच्या उघडिपीत अंगात बनियन घालून पंप मारला. रात्री उलट्या, डोळ्यांची आग. संध्याकाळी पाऊस आला आणि सगळं धुऊन खाचरात गेलं. तिसऱ्या दिवशी पोंगा उघडला तर अळी जिवंत, आणखी जाड झालेली. परत दोन बाटल्या. परत वहीत.

पुढचं ऐका, कारण हा लेख त्यासाठीच आहे. दिवाळीपर्यंत वहीतला आकडा फुगला. तो फेडायला दादाने वीटभट्टीची उचल घेतली. उचल घेतली म्हणजे घरातली दोन माणसं आणि शाळेतली पोरं भट्टीवर गेली. वस्तीवरचं घर आणि वरचा प्लॉट सहा महिने मोकळा पडला. उन्हाळ्यात परत आले तर प्लॉटाच्या दोन बाजूंना कोणीतरी सिमेंटचे खांब रोवून तार ओढली होती. मावळात आज जमिनीला काय भाव आलाय हे सांगायला नको. मोकळा तुकडा दिसला की कोणाचा तरी डोळा त्याच्यावर असतोच.

आता सांगा, दादाची जमीन कोणी खाल्ली? पोंग्यातल्या अळीने नाही खाल्ली. अळीने फार तर कणसं खाल्ली असती. जमिनीकडे सरकली ती वहीतली अळी. म्हणून आमचं म्हणणं असं: पोंग्यातली अळी आपल्या हाताने मारता येते. वहीतली अळी एकदा घरात शिरली की ती जमिनीपर्यंत पोचल्याशिवाय थांबत नाही.

ही अळी आली कुठून

हिचं नाव अमेरिकन लष्करी अळी. मका मूळचा अमेरिका खंडातला, ही अळीही तिकडचीच. २०१६ साली ती आफ्रिकेत पोचली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिमोग्याला सापडली. त्याच वर्षी सोलापूरकडे आली आणि २०१९ च्या खरिपात महाराष्ट्रभर मका खाऊ लागली. हिचा पतंग वाऱ्यावर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो.

आणि त्याच २०१९ ची दुसरी गोष्ट विसरू नका. १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने, ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलजमिनीवरून काढा, असा आदेश दिला. देशभर आदिवासी रस्त्यावर उतरले. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती आली. एकाच वर्षात वरून कोर्टाचा कागद आणि खालून अळी. सरकारला अळी दिसली, तिच्यावर पत्रकं निघाली, सभा झाल्या. पण त्या पत्रकांत सगळा हिशेब एकराचा. एकरी इतके सापळे, एकरी इतकं पाणी, एकरी इतकी मात्रा. ज्याच्याकडे आठ गुंठे आहेत आणि तेही कागदावर नाहीत, तो त्या पत्रकात कुठेच नाही.

ओळखायची कशी

शत्रू ओळखल्याशिवाय लढाई नाही. अळीच्या डोक्यावर बघा. आपली पोरं गलोल करतात ती बेचकी उलटी धरली तर जशी दिसेल, तशी पांढरट खूण कपाळावर असते. शेपटीच्या अलीकडच्या भागावर चार काळे ठिपके, चौकोनात मांडल्यागत. ही दोन्ही चिन्हं दिसली की हीच ती.

पतंगाची मादी पानावर पुंजक्याने अंडी घालते. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी, वर करड्या लवेचं पांघरूण. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बारक्या अळ्या आधी पान नुसतं खरवडतात, पानावर पांढरे पापुद्रे दिसतात. मग धागा सोडून वाऱ्याने दुसऱ्या ताटावर जातात आणि पोंग्यात शिरतात. दोन-तीन आठवडे खातात, मोठ्या झाल्या की जमिनीत दोन-तीन इंच खाली जाऊन कोष करतात. आठ-दहा दिवसांनी परत पतंग. पावसाळ्यात महिन्याभरात एक पिढी.

ह्यातली एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. ही अळी आपल्याच भाऊबंदांना खाते. एका पोंग्यात दहा शिरल्या तरी शेवटी बहुधा एकच जाडी अळी उरते. म्हणजे एक ताट, एक अळी. आणि ती जाडी झाली की पोंग्याच्या तळाशी बसते, वर स्वतःच्याच घाणीचं बूच. पंपाचा फवारा पानावर पडतो, तिच्यापर्यंत पोचत नाही. मका निम्मा खाल्लेला दिसतो तेव्हा आपण बाजारात धावतो आणि तेव्हा विषाचा उपयोग सगळ्यात कमी असतो.

हाताचा हिशेब

"हाताने अळ्या वेचायच्या? ही काय रीत झाली? जग कुठं चाललंय!" असं आपलेच शिकलेले पोरगे म्हणतात. त्यांच्यासाठी हिशेब मांडतो.

एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. दोन फुटांवर ओळ आणि ओळीत आठ इंचांवर ताट धरलं तर गुंठ्यात साधारण ८०० ताटं. आठ गुंठ्यांत साडेसहा हजार. सुरुवातीला शंभरातली पाच ताटं खाल्लेली असली तर झाली सव्वातीनशे. एका ताटाला अर्धा मिनिट लागला तरी तीन तासांच्या आत काम होतं. दोन माणसं असतील तर सकाळची न्याहारी करायच्या आत. आणि अंड्यांचा एक पुंजका चिरडला की शंभर-दोनशे अळ्या जन्मायच्या आधीच गेल्या. कुठली बाटली एवढं काम करते?

दहा एकर मकावाल्याला हे जमणार नाही, हे आम्हाला कळतं. त्याचा प्रश्न त्याने बघावा. आपला तुकडा लहान आहे म्हणून आजवर सगळ्यांनी आपल्याला हिणवलं. ह्या एका लढाईत लहान तुकडा हीच आपली ताकद आहे. मोठ्या शेतकऱ्याचा इलाज आपल्या तुकड्यावर आणून बसवू नका.

मावळच्या पावसात विष कुठे जातं

आपला पाऊस देशावरचा नाही. आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात श्रावण म्हणजे दिवसाला चार सरी. पानावर मारलेलं विष पानावर राहत नाही. ते उतारावरून भाताच्या खाचरात जातं, खाचरातून ओढ्यात. त्या ओढ्यात आपण चढणीचे मासे धरतो, त्याच खाचरात रात्री बत्ती घेऊन खेकडे धरतो. दुकानात मिळणारी कितीतरी विषं माशांना घातक आहेत, तसं त्यांच्या डब्यावरच छापलेलं असतं. पावसाळ्यात कातकऱ्याच्या ताटात कोरड्यासाला दुसरं काय असतं? मका वाचवायला मारलेलं विष आपल्याच कालवणात येतं.

पाऊस आपला मित्र आहे हेही लक्षात घ्या. जोराची सर आली की पोंग्यात पाणी भरतं आणि बारक्या अळ्या बुडून, वाहून मरतात. ओल्या हवेत अळीला बुरशी लागते. पोंग्यात किंवा पानावर पांढरी पडलेली, मग हिरवट होऊन वाळलेली अळी दिसली तर ती फेकू नका. तिला लागलेल्या बुरशीचं नाव नोमुरिया. तीच बुरशी बाजारात पुडीत विकतात. आपल्या रानात ती फुकट येते. विष मारलं की कोळी, गांधीलमाशा, मुंगळे, अळीची अंडी पोखरणारे बारके किडे सगळे मरतात, आणि पुढच्या पिढीच्या अळीला मोकळं रान मिळतं.

आणि कणसाचं काय? आपण मका कोठारात भरत नाही. अर्धी कणसं हिरवी असतानाच पोरांच्या पोटात जातात. उरलेली आपल्या बाया लोणावळ्याच्या रस्त्याला शेगडीवर भाजून विकतात. पाला जातो शेरडाला, म्हशीला. तुरा आल्यावर मका फवारायचा नाही, असं शेतीखात्याचे लोकही सांगतात. पण वहीवाला विकतोच.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यातले कितीतरी दुसऱ्याच्या शेतात मजुरीने पंप मारणारे होते. पंप ज्याच्या पाठीवर असतो तो मरतो.

मग करायचं काय

नुसत्या शिव्या देऊन मका वाचत नाही. वस्तीने मिळून करायची कामं अशी:

१. वस्तीचा मका एकाच आठवड्यात पेरा. एकाने मृगात, दुसऱ्याने महिन्याने पेरला तर पतंगाला जेवणाची रांगच लागते. पतंगाला बांध कळत नाही, म्हणून हे काम एकट्याचं नाही.

२. उन्हाळ्यात जमीन उकरून तापू द्या. कोष वर येतात, पाखरं खातात.

३. नुसता मका लावू नका. मक्यात चवळी, घेवडा, तूर, उडीद घाला. ज्या मेक्सिकोत मका जन्मला तिथले आदिवासी आजही मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावतात. आपली आजीही तसंच लावायची. नुसता मका ही पाकीटवाल्यांची सवय. कडेने हत्तीगवताच्या तीन-चार ओळी लावल्या तर अळी तिकडे ओढली जाते आणि वैरणही होते.

४. उगवल्यापासून तुरा येईपर्यंत दर तिसऱ्या दिवशी सकाळी फेरी. अंड्यांचे पुंजके चिरडा. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर कोंबड्यांना घाला. सावड करा, जशी लावणीला करतो. आणि हे सगळं बायांच्या डोक्यावर टाकू नका. पुरुषाने पंप मारला तर ते काम, आणि बाईने वाकून हजार पोंगे तपासले तर ते काम नाही, हा हिशेब संघटनेत चालणार नाही.

५. पंधरा-वीस दिवसांचं रोप झालं की खाल्लेल्या पोंग्यात चिमूटभर कोरडी वाळू आणि चुना टाका. नऊ वाट्या वाळू, एक वाटी चुना. जास्त चुना घालू नका, पान जळतं. हाताला फडकं बांधा. चुना नसेल तर चुलीतली राख नाहीतर बारीक माती टाका. आफ्रिकेतले लहान शेतकरी हेच करतात. पावसाने धुतलं तर परत टाका, ह्याला पैसे पडत नाहीत.

६. रानात काठ्या रोवा, आडव्या फांद्या बांधा. कोतवाल, साळुंकी बसतील आणि अळ्या टिपतील.

७. ह्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क. अर्धा किलो निंबोळीच्या गराची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्याने गाळा, दहा लिटर पाणी करा, थोडा साबण घाला, संध्याकाळी थेट पोंग्यात सोडा. आपल्या डोंगरात कडुनिंब कमी आहे. जेठात देशाकडे कामाला जाणाऱ्यांनी येताना निंबोळ्या वाळवून आणाव्यात.

कोणी म्हणेल, एवढं करूनही अळी आवरली नाही तर? प्रश्न खरा आहे, उत्तरही खरं देतो. पोंग्याच्या दिवसांत शंभर ताटं मोजा. दहापेक्षा जास्त ताटांत ताजी घाण आणि जिवंत अळी असेल, आणि तुरा अजून आलेला नसेल, तर आणि तरच एक फवारणी. तीही दुकानदाराला विचारून नाही, कृषी सहायकाला विचारून. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचा डबा नको. दोन बाटल्या एकत्र नको. पक्की पावती घ्या. दुकानदार पावती देत नाही तर घेऊ नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडकं, हातमोजे, पाठीवर वारा. पोटुशी बाई आणि पोरं लांब. कोणाला बाधलं तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरला डब्यावरून इलाज कळतो.

उधारीत मात्र कधीच नाही.

आता कागदाची लढाई

इथवर आपल्या हातातलं काम सांगितलं. पण सरकारला आम्ही सुटका देणार नाही. "तुम्ही हाताने अळ्या वेचा" असं सांगून सरकारने हात झटकायचे, हे आम्हाला मान्य नाही.

सरकारच्याच नियमांत कीडहल्ला ही नैसर्गिक आपत्ती धरलेली आहे. पूर, गारपीट, तशीच कीड. ३३ टक्के किंवा जास्त पीक गेलं तर मदत मिळते. पण पंचनामा करायला आलेला माणूस पहिलं काय विचारतो? सातबारा. २०२१ पासून पीकपाहणीही मोबाईलवर, तीही सातबाऱ्यावरची. ज्याचा दावा घोडेगावच्या आणि वडगावच्या फेऱ्यांत अडकलाय, त्याचा मका सरकारच्या लेखी उगवलेलाच नसतो. जो उगवला नाही, तो अळीने खाल्ला कसा?

म्हणून ज्यांना पट्टा मिळालाय त्यांनी ऐका. वनहक्क कायद्याचे नियम २०१२ साली दुरुस्त झाले. त्यात स्पष्ट आहे की मिळालेल्या हक्काची नोंद महसूल आणि वनखात्याच्या दप्तरात जास्तीत जास्त तीन महिन्यांत झाली पाहिजे. नियम १६ म्हणतो की पट्टेधारकांना जमीन सुधारणा, उत्पादकता आणि उपजीविकेच्या सरकारी योजनांचा लाभ द्यायचा. मग कामगंध सापळे, निंबोळी, बी-बियाणं, शिकवणी हे सगळं मागायचा आपला हक्क आहे. वडगाव मावळला कृषी संशोधन केंद्र आहे. इंद्रायणी भात तिथूनच निघाला. तिथली माणसं बागायतदाराच्या बांधावर जातात, तशी डोंगर चढून आपल्या वस्तीवरही आली पाहिजेत.

आणि ज्यांना पट्टा नाही त्यांनीही गप्प बसू नका. ग्रामसभेची एक वही घाला. दुकानदाराच्या वहीला आपल्या वहीने उत्तर. त्यात लिहा: कोणाचा तुकडा, किती गुंठे, काय पेरलं, कधी अळी दिसली, शंभरात किती ताटं गेली. खाली पाच साक्षीदारांच्या सह्या, अंगठे. त्याची नक्कल तहसीलदाराला द्या, तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या, घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात द्या, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. ही वही १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पुरावा होणार नाही, ते आम्ही लपवत नाही. त्यासाठी वडीलधाऱ्यांचे जबाब, जुने बांध, जुनी घरं हेच लागतात. पण आज ही जमीन कोण कसतंय, हे त्या वहीतून रोजच्या रोज दिसेल. कोणी तार ओढायला आलं तर त्याच्यापुढे धरायला आपल्याकडे कागद असेल.

वनहक्काची जमीन विकता येत नाही, आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, हे कायदे आपण भांडून मिळवलेत. पण कायदा विक्री थांबवतो, उपासमार थांबवत नाही. कर्जापायी घर सोडून भट्टीवर गेलेल्या माणसाची जमीन कागदावर त्याचीच राहते आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच्या तारेत जाते. जमीन वाचवायची तर जमिनीवर राहिलं पाहिजे. आणि जमिनीवर राहायचं तर वहीत नाव चढता कामा नये.

म्हणून प्रत्येक वस्तीने येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, पेरणीचा एकच आठवडा. दोन, तुरा येईपर्यंतच्या फेऱ्यांच्या पाळ्या, बाया आणि पुरुष दोघांच्या. तीन, ग्रामसभेची वही कोण लिहिणार त्याचं नाव. ठरलेलं पुढच्या अंकाच्या आधी संघटनेला कळवावं.

आणि ह्या पावसात कोणी पान घेऊन बाजाराकडे निघालेला दिसला, तर त्याला शिव्या देऊ नका. हाताला धरून त्याच्याच रानात परत न्या आणि त्याच्याबरोबर शंभर ताटं मोजा.

उधारीचं विष नको, हक्काचा पट्टा हवा!
कसेल त्याची जमीन, राखेल त्याचं जंगल!
जिंदाबाद!